डाव्या बाजूची अक्षरं

चाचा, जमलं बरं का. डावी बाजू जमली. काल खंडेनवमीला वाळूजच्या मैदानात कामगारांच्या नव्या कोऱ्या शिफ्ट बसची रांग लागली होती. प्रत्येकीच्या काचेवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू आणि दोन्ही अंगांना माझी अक्षरं. जाड, ठळक, सगळीकडं एकाच जाडीची, आणि पुढं झुकलेली. ड्रायव्हरच्या बाजूनं बघितलं तर अक्षरं पुढं पळायलीत. दाराच्या बाजूनं बघितलं तर तिकडूनही पुढंच. मी त्या रांगेला पुन्हा पुन्हा चकरा मारल्या. एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणाला, ही बाई गाड्यांना प्रदक्षिणा घालायलीय का काय. म्हटलं, घालतेय, तुझं काय जातंय? नारळ फोड तू. इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. अर्धं काम घेऊन माझ्यापुढं यायचं नाही, हा तुमचा कायदा होता. अर्धं रंगवलेलं दाखवायला आणलं की तुम्ही तोंड फिरवून बिडी पेटवायचात. आज पुरं झालंय, म्हणून बसलेय लिहायला. समोर कॉम्प्युटर आहे, त्याला टेकून तुमची काठी उभी आहे, आणि खिडकीतून पडेगावचा रस्ता दिसतोय. तुमच्या वेळी इथून दौलताबादकडं बघितलं की मोकळं माळरान होतं. आता नुसती दुकानं आणि दुकानांवर पाट्या. तुम्ही असता तर या रस्त्यानं चालला नसता, शिव्या देत पळाला असता.

मला आठवतोय तो बारावी नापास झाल्याचा उन्हाळा. अण्णा घरात बोलत नव्हते, आई स्थळांचं बघत होती, आणि मी आपली मधल्या भिंतीवर कोपरं टेकून शेजारच्या तुमच्या वाड्यातल्या मोकळ्या जागेकडं बघत बसायची. तिथं ट्रका यायच्या, टेम्पो यायचे, कारखान्यांच्या बस यायच्या. येताना मुक्या यायच्या आणि जाताना त्यांना तुम्ही रंगवलेलं नाव असायचं, गाव असायचं. एक दिवस तुम्ही भिंतीवरून आईला म्हणालात, "भाभी, पोरगी रिकामी बसून वाळून चाललीय. माझ्याकडं पाठवा. लग्न काय, होतंच की." आईला वाटलं तुम्ही मला रंगाचे डबे धुवायला बोलावताय. मलाही तेच वाटलं होतं. तुम्ही माझ्या हातात खडूची दोरी दिलीत आणि पत्र्यावर दोन रेघा मारायला लावलंत. एक टोक तुमच्याकडं, एक माझ्याकडं, मधे टिचकी. पांढरी धूळ उडाली आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटली. त्या दिवशी मला बारावीचं काही वाटेनासं झालं.

तिरकं अक्षर शिकवा म्हणून मी तुमच्या मागं लागले होते. बसवरची ती जाडजूड झुकलेली अक्षरं बघूनच तर मी आले होते ना तुमच्याकडं! तुम्ही म्हणायचात, "आधी उभं राहायला शिक. ज्याला उभं राहता येत नाही, तो झुकला की पडतो." आणि मग महिनेच्या महिने सरळ अक्षरं. प, ग, व. पुन्हा प, ग, व. एकदा तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलात आणि मी एका टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर गुपचूप तिरकं लिहून टाकलं. शाई नव्हे, पक्का रंग. मालक बाजूलाच उभा होता, त्याला आवडलं होतं की! तुम्ही आलात, बघितलंत. रॉकेलचा बोळा घेतलात आणि सगळं पुसून टाकलंत. मग म्हणालात, "शिरोरेघ पण झुकवलीस. डोक्यावरची घागर तिरकी झाली तर बाई घरापर्यंत पाणी नेईल काय? घागर सरळ. फक्त अंग झुकंल." मी रागानं घरी निघून आले, जेवले नाही. पण आजही नवं अक्षर आखायला घेतलं की आधी वरची रेघ आडवी, सपाट, आणि तिच्याखाली झुकलेलं अंग. एवढं एक त्या बोळ्यानं पक्कं पुसून लिहिलं माझ्यात.

तुमचं स्वयंपाकघर आठवतंय. चुलीच्या वरच्या फळीवर मिठाची बरणी, चहाचा डबा आणि त्यांच्या शेजारी वाटीत तेलात बुडवून ठेवलेले तुमचे खारीच्या केसांचे ब्रश. चाची ओरडायची, "मेरे सर को तेल नै, इनके ब्रशां को तेल! अल्ला, मैं ब्रश होती तो अच्छा था." तुम्ही गालातल्या गालात हसत भाकरी मोडायचात. आणि खंडेनवमीला माझी आई भिंतीवरून हात पुढं करायची, तुम्ही ते ब्रश धुऊन, पुसून तिच्या हातात द्यायचात. ती अण्णांच्या पान्ह्यांशेजारी, आमच्या विळ्या-कोयत्यांशेजारी पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायची. संध्याकाळी ब्रश परत, सोबत पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रशाच्या दांड्यावरचं कुंकू पुसत नव्हता, ते आपोआप जाईपर्यंत तसंच राहायचं. कुणी विचारलं तर म्हणायचात, "हत्याराला सुट्टी मिळती वर्षातून एकदा, माझ्या बायकोनं मला ती पण दिली नाय."

झुकलेलं अक्षर कुठं चालतं आणि कुठं चालत नाही, यावर तुम्ही जे बोलायचात ते मी आजही गिऱ्हाइकांना ऐकवते. बँडवाल्यांच्या गाडीला तिरकं. कुस्त्यांच्या दंगलीच्या फलकाला तिरकं, आणि जाडही, कारण पैलवान बारीक अक्षरात मावत नाही. गॅरेज, कुरिअर, कबड्डीच्या पोरांचे बनियन, पळायचे बूट, सगळ्यांना तिरकं. शाळेला सरळ. बँकेला सरळ, तिथला पैसा पळाला नाही पाहिजे. एक दातांचा डॉक्टर आला होता, त्याला बसवरच्यासारखी फॅशनेबल अक्षरं हवी होती. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरसाब, पाटी पळायला लागली तर पेशंट पण पळंल." तो हसत हसत सरळ अक्षरं घेऊन गेला. आणि त्याच ओघात तुम्ही मला म्हणाला होतात, "कब्रस्तानाची पाटी पण सरळ. माझ्या दगडावर तूच लिही, बेटी, आणि सरळ लिही. चालणाऱ्याला तिरकं, थांबलेल्याला सरळ." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता चाचा, चहा घ्या. तुम्ही चहा घेतलात.

पण तुमची खरी करामत होती ती बसच्या डाव्या अंगाला. मला कळायलाच किती दिवस लागले. तुम्ही मला एकदा बसच्या दोन्ही बाजूंनी फिरवलंत आणि विचारलंत, काय दिसतंय? मला काही दिसेना. मग तुम्ही म्हणालात, ड्रायव्हरच्या बाजूनं उभं राहा, बसचं तोंड तुझ्या उजव्या हाताला. अक्षर उजवीकडं झुकलंय, म्हणजे गाडीबरोबर पळतंय. आता दाराच्या बाजूला ये, बसचं तोंड तुझ्या डाव्या हाताला. इथं पण उजवीकडं झुकवलं तर अक्षर गाडीला मागं ओढंल. बैल एकीकडं, गाडी एकीकडं. म्हणून इथं डावीकडं झुकवायचं. गाडी जिकडं, अक्षर तिकडं. बाकीचे पेंटर ही उठाठेव करत नव्हते. तुमच्या बस मात्र स्टँडवर उभ्या असल्या तरी निघाल्यासारख्या वाटायच्या.

मग स्टिकरचं मशीन आलं. कॉम्प्युटरवर टाईप करा, बटण दाबा, तिरकं करा, मशीन कापून देतंय, चिकटवा. दोन-तीन वर्षांत तुमच्या मोकळ्या जागेत गाडी यायची बंद झाली. मला वाटलं होतं तुम्ही त्या मशीनला शिव्या द्याल. तुम्ही एका दुपारी चालत जाऊन त्या दुकानासमोर उभे राहिलात, एक बस दोन्ही बाजूंनी बघितलीत आणि घरी येऊन मला म्हणालात, "मशीन हुशार आहे. हात थरथरत नाही तिचा. पण तिला डावीकडं येत नाय. जा तू, मशीन शीक, आणि तिला डावीकडं शिकव." मी म्हटलं, शिकवीन. तुम्ही हसलात आणि ही काठी मला दिलीत, रंगवताना हात टेकवायची. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर हात टेकवायला काठी लागत नाही चाचा. तुम्ही म्हणालात, "लागंल." त्यानंतर पाऊसकाळ संपायच्या आत तुम्ही गेलात.

पुढचं सगळं एका दमात सांगते. स्टिकरच्या दुकानात काम केलं, मशीन शिकले, मग अक्षरं बनवायलाच शिकले, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये टाईप केलं की उमटतात ती. नवऱ्यानं साथ दिली, आईनं कपाळाला हात लावला. मधल्या काळात आपल्या अख्ख्या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, आणि एवढं लांब नाव बसच्या पाटीत कसं बसवायचं म्हणून लोक मला शोधत यायला लागले. मी म्हटलं, हीच वेळ आहे. दुकान सोडलं. तुमची ती बसवरची अक्षरं, ठळक, तिरकी, एकजाड, पूर्ण वर्णमाला करायची, आणि उजव्या-डाव्या दोन्ही कलांची, म्हणजे दोन्हीकडं झुकणारी. जाड अक्षराचा ताप तुम्हाला काय सांगू! ध, भ, ख यांची पोटं रंगानं बुजून जातात. ळ तर महाबिलंदर, त्याला दोन पोटं, एक मोकळं करावं तर दुसरं गुदमरतंय. आणि कॉम्प्युटरनं नुसतं ढकलून तिरकं केलं की गोलाई एका बाजूला सुजते, दुसऱ्या बाजूला वाळते. एकेक अक्षर हातानं दुरुस्त करावं लागलं. डोळे दुखले की मी काठीवर हनुवटी टेकवून बसायची. लागली की नाही काठी?

उजवा कल सुरेख उतरला. आता डाव्याचं बघा. वाळूजला कामगारांच्या शिफ्टच्या गाड्या चालवणाऱ्या एक अक्का आहेत, शेतकरी घरातल्या, आवाज असा की डिझेलचं इंजिन बंद पडावं. त्यांनी सगळा ताफा नवा घेतला होता. मी त्यांच्याकडं गेले, दोन्ही बाजूंची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मला अक्षरातलं कायबी कळत नाय. एका गाडीवर करून दाव." या गाड्या मिळाल्या तर तुमचा डावा कल रोज हजारो डोळ्यांसमोरून जाणार होता. नाही मिळाल्या तर तो जगात कुठंच उरणार नव्हता, कारण तुमच्या रंगवलेल्या गाड्या केव्हाच भंगारात गेलेल्या, आणि मला पुन्हा दुकानात जाऊन लोकांच्या दारावर 'आभारी आहोत' चिकटवत बसावं लागणार होतं. मी डावा कल केला. कसा केला, तर उजव्याचा जेवढा झुकाव, तेवढाच उलटा. हिशेब बरोबर. एका गाडीवर लावला. रात्रपाळीची माणसं उतरली, सकाळपाळीची चढायला आली, आणि गाडीचा ड्रायव्हरच पहिला बोलला, "ताई, ह्या बाजूची अक्षरं पडायलीत की वो." खरंच पडत होती. पळत नव्हती, तोंडावर आपटत होती. अक्कांनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "माझी माणसं आधीच अर्ध्या झोपेत येत्यात. त्यांना अजून पडल्यासारखं वाटंल असं नको. खंडेनवमीला गाड्या पूजायच्यात. तवर जमलं तर तुझं, नायतर मी साधं स्टिकर मारते. राग मानू नको."

राग कशाचा मानते, मला रडू आलं. चाचीकडं गेले. चाची आता थकलीय, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जिभेला अजून धार आहे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायकू रोती गे? उनकी लिखेली एक गाडी है ना अब्बी. फर्दापूर में. चाय का हॉटेल कर दिये बोलते उसका." मी म्हटलं, इतकी वर्षं हे तू मला सांगितलं नाहीस? तर म्हणते, "तू पूछी कब?"

दुसऱ्या दिवशी दोघी फर्दापूरला. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चाकं काढलेली, विटांवर टेकवलेली तुमची बस उभी! आत बाकडी, गॅस, पोहे. उजवी बाजू उन्हानं फिकी पडलेली, डावी बाजू पत्र्याच्या शेडखाली, जशीच्या तशी. मी पारदर्शक कागद लावून अक्षरं गिरवायला लागले तर हॉटेलवाला धावत आला, "मॅडम, अतिक्रमणवाल्या हाय का तुम्ही? कागदपत्रं सगळी हायत माझ्याकडं." चाची आतून ओरडली, "अतिक्रमण नै रे बाबा, ये मेरे मिया की गाडी है. चाय ला." त्यानं चहा आणला, पैसे घेतले नाहीत. मी दोन्ही बाजूंचे कागद एकमेकांवर ठेवले, एक उलटा करून, आणि उन्हाला धरले. चाचा, झुकाव जुळेना! डावीकडचा झुकाव कमी होता. चांगला कमी. उजवीकडं तुम्ही अक्षर बेधडक झुकवलंय, आणि डावीकडं जरासंच, पोटं थोडी रुंद ठेवून. मी तिथंच रस्त्यावर आनंदानं उडी मारली. आपले डोळे मराठी वाचताना उजवीकडं धावतात, त्यामुळं डावीकडचा झुकाव आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून माझी अक्षरं पडत होती, आणि म्हणून तुम्ही हात आवरला होता. मी हे सगळं चाचीला हातवारे करून समजावलं. तिनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "हौ हौ, वो सब ठीक. पर उनका हात उर्दूका था ना गे. बाएँ जाना मतलब उनके वास्ते घर जाना. घर जाते वक्त आदमी भागता कायकू? आराम से जाता." उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कागद गुंडाळले. गाडीत परत येताना चाची माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली.

डावा कल मी नव्यानं केला. सगळी वर्णमाला, सगळी जोडाक्षरं, पुन्हा पहिल्यापासून, तुमच्या हातानं. पुन्हा एका गाडीवर लावला आणि त्याच ड्रायव्हरला बोलावलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, हँडब्रेक ओढलाय, तरी गाडी निघाल्यासारखी वाटायलीय." अक्कांनी गाडी दोन्ही बाजूंनी बघितली. त्यांनी ताफ्याच्या मॅनेजरला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "समद्या गाड्या. दोन्ही बाजू."  आणि मग काल ती रांग, त्या माळा, 'पडेगाव ते वाळूज' असं दोन्ही अंगांनी पुढं निघालेलं, आणि ळची दोन्ही पोटं मोकळी, श्वास घेणारी! पूजेला अक्कांनी मला पुढं बोलावलं आणि मी पाटावर काय ठेवलं असेल? तुमची काठी. ओळखीची नाही म्हणून गुरुजींनी विचारलं, हे कसलं हत्यार? म्हटलं, हळदीकुंकू लावा गुरुजी, सगळ्या गाड्या हिनंच चालवल्यात. गाड्यांवर अक्षरं चढत होती तेव्हापासूनच दुसऱ्या गावच्या बसवाल्यांचे फोन यायलेत. एक कबड्डीवाला आला होता, एक बँडवाला. दातांचा डॉक्टर अजून कुणी आला नाही, आला तर काय सांगायचं ते मला पाठ आहे.

हे मी कुठं पाठवणार नाही. तुमचा पत्ता इथून चालत जाण्याएवढा आहे, पण तिथं पोस्टमन जात नाही. काठीला गुंडाळून ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला आज सोनं वाटायला जाता येणार नाही.

तुमच्या दगडावर मीच लिहिलं होतं, सांगितलं होतंत तसं. वर उर्दू तुमच्या भावानं, खाली मराठी मी. सरळ, दोरी मारून, एक केस इकडंतिकडं नाही. चाचीनं परवा सांगितलं, रंग उडालाय, एकदा हात फिरव. म्हणून आज सकाळी गेले होते. जुना रंग पुसला, वरची रेघ आडवी मारली, सपाट. आणि खाली तुमचं नाव लिहिताना मी तुमचं ऐकलं नाही. झुकवलंय. डावीकडं, जरासंच. चाचीला अजून सांगितलेलं नाही, तिला दिसायचं नाही. तुम्ही रॉकेलचा बोळा घेऊन येणार असाल तर या, मी इथंच आहे.